गुलामभाईंचा विमा, गुणाबाईची पौर्णिमा

राजुऱ्यात नवी गाडी घेतली की माणूस दोन ठिकाणी जातो. आधी आपापल्या देवाकडे आणि मग गुलाम रसूलभाईंकडे. काही जण क्रम उलटाही करतात, आणि देवानं त्यांच्यावर राग धरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

माझं शिलाईचं दुकान आणि गुलामभाईंचं विम्याचं टेबल एकाच ओट्यावर आहे. माझी मशीन आत, त्यांचं टेबल बाहेर, मध्ये एक पडदा. त्या पडद्यानं आजवर एकही गोष्ट अडवलेली नाही. तालुक्यातल्या कोणत्या गाडीला कुठं खरचटलं, हे मला गाडीवाल्याच्या बायकोआधी कळतं.

गुलामभाई माणसांना नावानं ओळखत नाहीत, गाडीच्या नंबरानं ओळखतात. "बत्तीस-चौदा दिसला नाही आज," असं म्हणाले की समजायचं, कोळशाच्या खाणीतला कोणी तरी चहाला आला नाही. एका लग्नात त्यांनी नवरदेवाची ओळख मला "हा सत्तर-शून्य-पाचचा धाकटा" अशी करून दिली होती. पोरगं बिचारं लाजून हसलं. तरुणपणी ते ट्रकवर क्लीनर होते, मग एका दलालाच्या हाताखाली कागदपत्रं करायला शिकले आणि मग हे टेबल मांडलं. गिऱ्हाइकानं ऑफिसचं तोंड पाहायचं नाही, हा त्यांचा कायदा. कागद तुम्ही द्यायचे, बाकी सगळं ते बघणार. विम्याची मुदत संपायच्या आधी नवी पॉलिसी घरपोच. ती कोणी उघडून वाचत नाही. गुलामभाईंनी काढली ना, मग झालं.

आणि हा भरवसा काही फुकटचा नव्हता. धानोऱ्याकडच्या वारलूची पिकअप तेंदूपत्त्याच्या पोत्यांसकट उलटली, तेव्हा गुलामभाई स्वतः बस बदलत बदलत तिकडे गेले. पाहणी करायला आलेल्या साहेबाला घाटापर्यंत चालवत नेलं, वारलूला दवाखान्यातून घरी सोडलं आणि भरपाई मिळेपर्यंत चंद्रपूरच्या ऑफिसचा उंबरठा झिजवला. तेव्हापासून वारलू उन्हाळ्यात जेव्हा जेव्हा भाडं घेऊन इकडे येतो, तेव्हा पुडीभर चारोळी घेऊन ओट्यावर हजर असतो. असे वारलू त्यांचे गावोगाव आहेत.

पण त्यांच्यात एक खोट होती. "मला माहीत नाही" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. विम्याचं सोडा, त्यांना म्हशीचं दूध आटल्याचं विचारा, नवऱ्याच्या गुडघ्याचं विचारा, पोरीला कोणत्या कॉलेजात घालू ते विचारा, उत्तर तयार. बहुतेक वेळा ते बरोबरही निघे. त्यामुळेच घात झाला.

एप्रिलातली गोष्ट. धनराज ओट्यावर आला. हा खाणीच्या कॉलनीत इलेक्ट्रिशियन. मूळचा सावली गावचा, आता बायको दुर्गा आणि म्हातारी आई गुणाबाई यांना घेऊन इथंच क्वार्टरमध्ये राहतो. सात सीटची गाडी त्यानं नुकतीच घेतली होती. गुणाबाईची आयुष्यभराची एकच इच्छा होती: लुंबिनी पाहायची, आणि तीही बुद्धपौर्णिमेलाच. "जन्म झाला त्या जागी, जन्म झाला त्या दिवशी," असं ती म्हणायची. जन्मभर दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवून रोवणी केलेली बाई, स्वतःसाठी तिनं दुसरं काही मागितल्याचं धनराजलाही आठवत नव्हतं.

"भाऊ, मायले लुंबिनीले घेऊन जाऊन राह्यलो," धनराज म्हणाला. "आपल्याच गाडीनं. पन ते नेपाळात येते. आपला विमा चालते का जी तिकडे?"

ओट्यावर तेव्हा चार-पाच जण होते, वारलूही होता. गुलामभाईंनी कप तोंडाला लावला. कप रिकामा होता, हे मला पडद्याआडून दिसत होतं.

"काऊन नाई चालनार?" ते म्हणाले. "फुल विमा हाय तुहा. नाक्यावर पावती फाड अन् जाय बिनधास."

हे उत्तर कुठून आलं ते इथल्या माणसाला लगेच कळेल. आमच्या गावापासून तेलंगणाची हद्द हाकेच्या अंतरावर. भाड्याच्या गाड्या रोज पलीकडे जातात. नाका लागला की पावती फाडायची आणि पुढे जायचं, विम्याचं कोणी विचारत नाही, कारण तो तिकडेही चालतोच. गुलामभाईंनी आयुष्यात पाहिलेली सरहद्द तेवढीच. नेपाळ म्हणजे अंमळ लांबचं तेलंगण, असा हिशेब त्यांनी रिकाम्या कपात बघून केला. धनराज खूश होऊन गेला. जाता जाता मला आईसाठी पांढरं ब्लाऊज शिवायला सांगून गेला.

मे महिन्यात ती तिघं निघाली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गुलामभाई दुसऱ्याच कोणाच्या कामानं चंद्रपूरला विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्यांनीच नंतर सांगितलं, मान वर न करता.

ऑफिसात शाजिया मॅडम म्हणून एक मुलगी आहे, पॉलिसीचं काम बघते. तिच्यासमोर भाव मारायला गुलामभाई म्हणाले, "आपली एक पार्टी तर थेट नेपाळले गेली, स्वतःची गाडी घेऊन."

ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "एंडॉर्समेंट कधी केली तुम्ही? मी नाही पाहिली."

"कशाची?"

"आपली पॉलिसी भारताबाहेर चालत नाही ना, भाई. नेपाळ, भूतान असं कुठं थोडे दिवस गाडी न्यायची असेल, तर जास्तीचा प्रीमियम भरून तेवढ्यापुरतं क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं. नाहीतर तिकडे कोणाला धडक बसली तर एक पैसा मिळणार नाही. तुम्हाला तर माहीतच असेल."

"हो तर," गुलामभाई म्हणाले. "त्याच्यासाठीच तर आलो."

कूलर चालू असताना त्यांच्या पाठीला घाम फुटला. वारलूला दवाखान्यातून घरी पोचवणारा माणूस, आणि आपल्याच एका गिऱ्हाइकाला त्यानं उघड्यावर परदेशात पाठवलं होतं. पैसे त्यांनी खिशातून भरले, अर्ज लिहिला. पण मंजुरी नागपूरहून यायची होती. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमेची सुटी. मॅडम म्हणाली, "परवा दुपारपर्यंत करून देते."

आणि धनराज पौर्णिमेच्या सकाळीच नाका ओलांडणार होता.

बल्लारपूरवरून परत येणाऱ्या बसमध्ये गुलामभाई फोन हातात धरून बसले होते. काय बोलायचं ते अगदी सोपं होतं: धनराज, माझं चुकलं, तुझा विमा तिकडे चालत नाही, गाडी नेऊ नको. वर्धा नदीचा पूल आला, गेला. त्यांच्या डोळ्यांपुढे धनराज नव्हता, गुणाबाईही नव्हती. होता तो आमचा ओटा. धनराज परत येणार, कॉलनीत सांगणार, वारलूच्या कानावर जाणार. गुलामभाऊले एवढं साधं माहीत नाई? मग इतकी वर्षं आपण न वाचता पॉलिस्या घेतल्या त्या कशाच्या भरवशावर? ते मला म्हणाले, "धुरपताबाई, मले चोरी करतानी धरल्यावानी वाटत होतं, अन् अजून कोनी धरलंही नव्हतं."

ओट्यावर पोचून त्यांनी फोन लावला. तो फोन मात्र मी ऐकला.

"कुठी हाय तू?"

"गोरखपूरले लॉजवर आहो, भाऊ. पाहाटे निघून राह्यलो."

"निघू नको. तिकडे लय गडबड हाय. दगडफेक होऊन राह्यली. माहा मानूस हाय तिथी, त्यानं आत्ताच सांगितलं."

"बापा! मंग गाडी इथीच ठेवतो, आमी—"

"गाडीचं काय घेऊन बसला! मानसाची गोष्ट हाय. नाक्याकडे फिरकूच नको. परवा दुपारी मी फोन करतो, मंग निघ."



"पन भाऊ, उद्या पौर्णिमा हाय. माय तर पांढरं लुगडं काढून बसली."

गुलामभाईंनी डोळे मिटले. "मायले समजाव," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"नेपाळात कोन हाय जी तुमचा मानूस?" मी विचारलं.

"हाय एक," ते म्हणाले आणि टेबल आवरायला लागले. मला काही शंका आली नाही. गुलामभाईंचा माणूस चंद्रावर आहे असं सांगितलं असतं, तरी मी मान डोलावली असती.

नाक्याकडे फिरकू नको, हे का म्हणाले ते? तिथं कोणी तरी कागद मागेल, विम्याचं विचारेल आणि धनराजला कळेल, एवढ्याच भीतीनं. गाडी इथंच ठेवतो असं तो आपण होऊन म्हणत होता. ते वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. मला या माणसाबद्दल आदर आहे, म्हणूनच ही गोष्ट सांगताना संताप येतो.

दुसऱ्या दिवशी सुटी असूनही ते ओट्यावर येऊन बसले. गावात बुद्धजयंतीची मिरवणूक निघाली, पांढऱ्या साड्यांची रांगच्या रांग, पंचरंगी झेंडे, पोरं घामानं निथळत घोषणा देत होती. चौकात खीरदान चालू होतं. कोणीतरी खिरीचा पेला आणून त्यांच्या टेबलावर ठेवला. दरवर्षी दोन पेले पिणारा माणूस, त्या दिवशी म्हणाला, "नको, शुगर वाढली." त्यांच्या बायकोनं, जाहिदाभाभींनी, घरून डबा पाठवला, तोही तसाच परत गेला. मला वाटलं ऊन बाधलं असेल. आमच्याकडे मे महिन्यात कोणाचं काहीही बिघडलं की आम्ही उन्हावर ढकलतो.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली. त्यांनी फोन करून धनराजला "आता जा" म्हणून सांगितलं. ती तिघं गेली, लुंबिनी पाहिली आणि सुखरूप परत आली. गाडीला साधा ओरखडा नव्हता. विम्याची कोणाला गरजच पडली नाही. गुलामभाईंना वाटलं, सुटलो.

परत आल्यावर धनराज आधी ओट्यावर आला आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडायला वाकला. "भाऊ होते म्हून वाचलो. इथी राजुऱ्यात बसून तिथचं मालूम भाऊले!" वारलूनं टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या. गुलामभाईंनी धनराजला खांद्याला धरून उठवलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी मशीन थांबवली.

"रविवारी घरी या लागते," धनराज म्हणाला. "मायची पौर्णिमेची खीर राह्यली, ते तिले आता करायची हाय. पहिली वाटी तुमालेच देईन म्हनते. भाभीले घेऊन या. धुरपताबाई, तुमीबी या."

त्यांनी कारणं पुष्कळ काढली. शेवटी जाहिदाभाभीच म्हणाल्या, एवढ्या प्रेमानं बोलावतात तर जायचं कसं नाही. त्यांना काय माहीत!

रविवारी संध्याकाळी आम्ही कॉलनीत गेलो. क्वार्टरच्या अंगणात सडा टाकून सतरंजी घातली होती. शेजारची चार-सहा माणसं होती. कोपऱ्यात टेबलावर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. वंदना झाली. मग गुणाबाई आतून पितळी वाटी घेऊन आली. बाई वयानं वाकलेली, पण वाटीतला थेंब हलला नाही. ती सरळ गुलामभाईंसमोर येऊन बसली.

"घ्या भाऊ. तुमी नसते तर मी वापस घरी आली नसती."

त्यांनी वाटी हातात घेतली. धनराज सगळ्यांना सांगत होता, मोबाइलवर तर दगडफेकीचं काहीच दिसत नव्हतं, पण मोबाइलपेक्षा आपला भरवसा भाऊवर. दुर्गा हसत म्हणाली, लॉजवाला आम्हाला येड्यात काढत होता. सगळे हसले. गुलामभाई हसले नाहीत, ते गुणाबाईकडे वळले.

"बाई," ते म्हणाले, "तिकडे काई गडबड नव्हती."

कोणाला ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, यावेळी मोठ्यानं. "दगडफेक नव्हती. माहा कोनी मानूस नाई तिथी. मी खोटं बोललो. गाडीचा विमा तिकडे चालत नव्हता. मले मालूम नव्हतं, अन् मालूम नाई म्हनायची शरम वाटली. कागद होयेपरेंत तुमाले अडकवून ठेवलं."

जाहिदाभाभींनी पदर तोंडाला लावला. मला तर सतरंजीतून जमिनीत जावंसं वाटलं, आणि मी काही केलेलंही नव्हतं.

धनराजचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, ते उतरायला वेळ लागला. "म्हंजे फक्त गाडीचा प्रॉब्लेम होता?"

"हो."

"मंग तसं सांगाचं ना, भाऊ! गाडी लॉजवर ठेवली असती. बस होती, जीप होती. नाक्यापलीकडे घंटाभराचा तर रस्ता हाय. आमी सकाळीच पोचलो असतो!" त्याचा आवाज चढला, मग फुटला. तो उठून फाटकापाशी जाऊन उभा राहिला. गुलामभाई शिव्या खायच्या तयारीनं बसले होते. शिव्या मिळाल्या असत्या, तर त्यांना बरं वाटलं असतं.

गुणाबाई मात्र अजून समोरच बसली होती. रागावलेली दिसत नव्हती. काही तरी नीट लावून बघत असल्यासारखी तिची नजर होती.

"म्हंजे त्या दिवशी तिथी सगळं बरोबर होतं?" तिनं विचारलं.

"हो बाई."

"लोक गेलते दर्शनाले?"

"गेलते."

"कोनाले लागलं नाई?"

"नाई बाई. कोनाले काई झालं नाई."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मग तिनं पांढऱ्या लुगड्याचा पदर गुडघ्यावर सारखा केला. "मी अंघोळ करून पाहाटेपासून बसली होती, भाऊ. दुर्गा म्हने थोडं खा, मी खाल्लं नाई. म्हटलं आपल्यासारखी लेकराबाळायची मानसं गेली असतीन तिथी, अन् त्यायच्यावर दगड पडून राह्यले. कोनाचं डोस्कं फुटलं असन, कोनाची माय चुकली असन. आपन इथी सुखरूप बसलो. तर दिवसभर त्यायच्यासाठी मंगल मागत बसली. लुंबिनीची आठवनच काढली नाई. लाज वाटली मले, तेवढी मानसं संकटात असतानी आपल्या दर्शनाचं काय घेऊन बसाचं म्हून."



"मंग मी दिवसभर कोनासाठी बसली होती, भाऊ?"

तिनं हे टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं, आणि उत्तर असलंच तर ते गुलामभाईंकडे असणार, अशी तिची अजूनही समजूत होती.  त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दाढीतून खाली आलं आणि कुर्त्यावर पडलं.

गुणाबाईनं ते पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली आणि खिरीचं भांडं आणून बाकीच्यांना वाढायला लागली. मला वाढलं, जाहिदाभाभींना वाढलं, फाटकापाशी जाऊन धनराजच्या हातात वाटी दिली. गुलामभाईंपाशी ती परत आली नाही. त्यांची वाटी त्यांच्या हातात होती, भरलेली, आणि ती खाली ठेवायची की तोंडाला लावायची, हे त्यांना कोणीच सांगत नव्हतं.